वाचकांचे प्रश्न : दुखणं कोणत्या तारखेला लिहिलं गेलं?

गेल्या अंकात जहाजावरच्या अपघातांच्या भरपाईविषयी लिहिलं होतं. पत्रं मात्र आजारांचीच जास्त आली. शिडीवरून पडलेल्या माणसाला ‘तू खरंच पडलास का’ असं कुणी विचारत नाही. छातीत दुखणाऱ्याला विचारतात, आणि तेही घरी परतल्यावर, सहा महिन्यांनी. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. माणसांची, जहाजांची, कंपन्यांची नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधले कामगार आहेत, वय ४६. चौथ्या महिन्यात जहाज अँकरेजला (नांगर टाकून) असताना मेन इंजिनच्या एका युनिटचं ओव्हरहॉल चाललं होतं. तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला आणि छाती आवळल्यासारखी झाली. सेकंड इंजिनिअरना सांगितलं, तर गॅसची गोळी मिळाली. पुढचे नऊ दिवस ते रोज कामावर जात होते. जहाज बर्थला (धक्क्याला) लागल्यावर चक्कर येऊन पडले. तिथल्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली, दोन ब्लॉकेज निघाले, स्टेंट घालून घरी पाठवलं. त्याला पाच महिने झाले. हॉस्पिटलचा खर्च आणि चार महिन्यांचा पगार मिळाला. आता एजंट म्हणतो, हार्टचं दुखणं हा ‘पर्सनल’ आजार आहे, त्याचा कामाशी संबंध नाही; तरी माणुसकी म्हणून कंपनी काही रक्कम देतेय, ‘फुल अँड फायनल’वर सही करा. कागद इंग्रजीत आहे. सही करावी का? — एका मोटरमनची पत्नी

उत्तर : ताई, आज सही करू नका. पैसे नाकारा असं मी म्हणत नाही. त्या सहीने नेमकं काय सुटतंय ते कळेपर्यंत थांबा.

एजंटने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. पहिली गोष्ट म्हणजे उपचाराचा खर्च आणि आजारपणातला पगार. तो ‘पर्सनल’ आजारालाही मिळतो. सागरी श्रम करार २००६, ज्याला जहाजावर सगळे एमएलसी म्हणतात, तो २० ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. त्यात जहाजमालकाची जबाबदारी तारखांवर ठरते. नाविक कामावर रुजू झाल्यापासून रीतसर घरी पोचेपर्यंत जो आजार उद्भवेल त्याचा खर्च मालकाचा. आजार कामामुळे झाला का, हा प्रश्न तिथे येतच नाही. घरी आल्यावरचा खर्च आणि पगार देशाच्या कायद्याने मर्यादित करता येतात, पण ती मर्यादा १६ आठवड्यांच्या खाली नेता येत नाही. हे १६ आठवडे १९३६ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून चालत आले आहेत. मूळ कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. बाराव्या शतकातल्या ओलेरॉनच्या नियमांत लिहिलं आहे की आजारी खलाशाला किनाऱ्यावर उतरवून राहायला जागा द्यावी, उजेडाला मेणबत्ती द्यावी आणि त्याच्या सेवेला जहाजावरचा एक पोऱ्या ठेवावा. तेव्हा तुम्हाला मिळालेला चार महिन्यांचा पगार हा हक्काचा होता. त्याचं ओझं मनावर घेऊन सही करायची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कायमच्या अपंगत्वाची भरपाई. इथे मात्र आजाराचा कामाशी संबंध दाखवावा लागतो, आणि रक्कम किती ते एमएलसी सांगत नाही. ती मिस्टरांच्या नोकरीच्या करारात, त्याला जोडलेल्या सामूहिक करारात (युनियन आणि कंपनी यांच्यातल्या) किंवा कायद्यात असते. म्हणून त्यांनी सही केलेला करार आणि त्यात उल्लेखलेला सामूहिक करार, दोन्ही हातात घ्या. नसतील तर लेखी मागा. कराराची सही केलेली प्रत नाविकाकडे असलीच पाहिजे, असा नियम आहे.

आता ‘कामाशी संबंध नाही’ या वाक्याकडे येतो. तुमच्या पत्रातला हाच भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं.

१९९४ साली मी एका बल्क कॅरियरवर सेकंड मेट, म्हणजे नौचालनाचा अधिकारी होतो. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं आणि तीन दिवसांपेक्षा लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल, तरच डॉक्टर सक्तीचा. बाकी जहाजांवर औषधांच्या कपाटाची किल्ली कोर्स केलेल्या एखाद्या अधिकाऱ्याकडे असते, बहुतेक वेळा सेकंड मेटकडे. एका पहाटे चार वाजता वॉच (पाळी) संपवून इंजिनरूममधला ऑइलर ब्रिजवर आला. छातीत जळजळतंय, डावा हात जड झालाय, म्हणाला. मी त्याला ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि झोपायला सांगितलं. मला पोर्टच्या आधी चार्ट करेक्शन, म्हणजे सागरी नकाशांतल्या दुरुस्त्या, संपवायचं होतं. मेडिकल रजिस्टरात मी काहीही लिहिलं नाही. सहा आठवड्यांनी तो केबिनमध्ये कोसळला. जगला, पण पुन्हा जहाजावर चढू शकला नाही. भरपाईचा दावा तपासणाऱ्यांनी रजिस्टर मागवलं, तर त्यात त्याचं नावच नव्हतं. ‘ड्युटीवर कुठलंही लक्षण नाही, झटका विश्रांतीच्या वेळी’ असं ठरवून भरपाई नाकारली. मी आठ महिन्यांनी लेखी जबाब दिला, पण इतक्या उशिरा आठवणीतून लिहिलेल्या कागदाला त्यांनी फारशी किंमत दिली नाही. पुढे मी समुद्र सोडला आणि बारा वर्षं दावे तपासणाऱ्यांच्या बाजूला काम केलं. तिथे बसल्यावर कळलं की तपासणारा आधी अँजिओग्राफीचा रिपोर्ट उघडत नाही, तारखा मांडतो. लक्षण कधी दिसलं, कुणाला सांगितलं, कुठे लिहिलं, त्या दिवशी काम काय होतं.

तुमच्याकडे या तारखा आहेत. त्या नऊ दिवसांत मिस्टरांनी तुम्हाला फोन किंवा मेसेज केलाच असेल. ‘छातीत कसंतरी होतंय, सेकंडला सांगितलंय’ असं एक वाक्य, तारीख-वेळेसकट, रजिस्टरातल्या नोंदीइतकंच मोलाचं आहे. फोन बदलू नका, काही पुसू नका, आधी बॅकअप घ्या. मग कंपनीला ईमेलने या गोष्टींच्या प्रती मागा : मेडिकल रजिस्टर, कॅप्टनने हॉस्पिटलला पाठवलेला वैद्यकीय अहवाल, जहाजावरून रेडिओने किंवा ईमेलने डॉक्टरचा सल्ला घेतला असल्यास तो पत्रव्यवहार, ओव्हरहॉलच्या दिवसांचं इंजिन लॉगबुक आणि विश्रांतीच्या तासांचा तक्ता. हा शेवटचा तक्ता विसरू नका. नाविकाला चोवीस तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी, आणि त्याच्या नोंदीची सही केलेली प्रत त्याला द्यायची असते. ओव्हरहॉलच्या आठवड्यात इंजिन लॉगबुक सांगतं की काम रात्री अकरापर्यंत चाललं, आणि तक्ता सांगतो की सगळे सहा वाजता मोकळे झाले. अशी विसंगती मी अनेक फायलींत पाहिली आहे. ती सापडली तर ती तुमच्या बाजूची आहे.

हृदयविकार कामाशी जोडता येतो का? येतो. फिलिपिन्सच्या सरकारी नमुना-करारात तर हृदयविकार व्यावसायिक आजारांच्या यादीतच आहे, अटींसह. त्यातली एक अट मिस्टरांच्या गोष्टीसारखीच आहे : आधी काही त्रास नसलेल्या माणसाला कामाच्या ताणानंतर, काम करतानाच हृदयाची लक्षणं दिसली आणि ती टिकून राहिली, तर कामाचा संबंध धरणं वाजवी आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटलं आहे की काम हे आजाराचं एकमेव कारण असण्याची गरज नाही, त्याने भर घातली असली तरी पुरे. मिस्टरांना तो करार आपोआप लागू होत नाही. पण ‘हार्ट म्हणजे पर्सनल’ हे काही सगळीकडे मान्य असलेलं सत्य नाही, एवढं तुम्ही एजंटला ठामपणे सांगू शकता.

एक कटू गोष्टही सांगतो. स्टेंट बसला म्हणजे माणूस समुद्रासाठी कायमचा अनफिट झाला, असं नाही. नाविकांच्या वैद्यकीय तपासणीची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत हृदयविकारानंतर उपचार झाल्यापासून तीन महिने तात्पुरतं अनफिट ठेवून मग पुन्हा पाहायला सांगितलं आहे. काही जण मर्यादित कामासाठी परततात, काही नाही. म्हणून कार्डिओलॉजिस्टकडून नुसतं ‘अनफिट’ लिहिलेलं सर्टिफिकेट आणू नका. त्यांना मिस्टरांचं काम समजावून सांगा : उष्णता, उभ्या शिड्या, जड वस्तू उचलणं, मदत मिळायला कित्येक दिवस लागणं. मग लिहून घ्या की या कामासाठी ते तात्पुरते अनफिट आहेत की कायमचे, आणि कशावरून. तपासण्या अजून चालू असतील तर अंतिम आकडा आज ठरूच शकत नाही. ‘फुल अँड फायनल’ घाईने नको, याचं हे सर्वांत साधं कारण.

आणि यावर नियमही आहे. एमएलसीत २०१४ साली केलेली दुरुस्ती १८ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. तिच्यानुसार करारातली भरपाई पूर्ण आणि विनाविलंब द्यायची असते, कमी रकमेवर समाधान मानण्यासाठी दबाव आणायचा नसतो. अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागणार असेल, तर कुटुंबाचे हाल होऊ नयेत म्हणून अंतरिम रक्कम द्यायची असते. पैसे घेतल्याने नाविकाचे बाकीचे कायदेशीर हक्क जात नाहीत. पावतीचा एक नमुनाही त्या कराराला जोडलेला आहे, आणि निष्काळजीपणाबद्दल वेगळा दावा करण्याचा हक्क शाबूत असल्याचं त्यात छापलेलं आहे. एजंटच्या कागदाशेजारी तो नमुना ठेवा. एजंटला एका ओळीत लेखी विचारा : ही रक्कम कराराच्या कोणत्या कलमाखाली देत आहात?

शेवटचं. २०१७ पासून जहाजावर एक विमा-प्रमाणपत्र दर्शनी जागी लावलेलं असतं, बहुधा मेसरूमबाहेरच्या फलकावर. दावा कुणाकडे करायचा त्याचं नाव, पत्ता, संपर्क त्यावर असतो. जगातल्या समुद्रगामी जहाजांच्या एकूण टनेजपैकी सुमारे ९० टक्क्यांचा हा विमा बारा पी अँड आय क्लबांच्या (जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थांच्या) आंतरराष्ट्रीय गटात असतो. जहाजावर अजून असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला त्या कागदाचा फोटो पाठवायला सांगा. नाविक किंवा त्याचे जवळचे नातेवाईक या विमा देणाऱ्याकडे थेट दावा करू शकतात. त्यासाठी एजंटच्या परवानगीची गरज नाही. युनियनचं सभासदत्व असेल तर आजच युनियनला लिहा, आणि सागरी दावे चालवणारा वकील लवकर गाठा. दाव्याची मुदत प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगळी असते, आणि एजंटशी गोड बोलण्यात ती निघून जाते.

प्रश्न : मी बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आहे. मुरिंगच्या वेळी (जहाज दोरांनी धक्क्याला बांधताना) कंबरेत कळ यायची, पण पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळावं म्हणून बोललो नाही. कॉन्ट्रॅक्ट संपवून साइन ऑफ झालो (जहाजावरून उतरलो). बाराव्या दिवशी उठताच येईना. एमआरआयमध्ये दोन डिस्क सरकल्यात. माझा फिलिपिनो मित्र म्हणतो, त्यांच्याकडे १२० दिवस घरी बसलं की ६० हजार डॉलर मिळतात. मला का नाही?

उत्तर : तुमच्या मित्राने अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी तुमच्यासाठी जास्त कामाची आहे, म्हणून नीट सांगतो.

फिलिपिन्समध्ये परदेशी जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक नाविकाचा किमान करार सरकारने लिहून दिलेला आहे. त्याची २०१० ची आवृत्ती सगळ्यांना ठाऊक असते. त्यात अपंगत्वाच्या १४ श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीला ५० हजार डॉलरच्या १२० टक्के म्हणजे ६० हजार. चौदाव्या श्रेणीला ३.७४ टक्के म्हणजे १,८७० डॉलर. मधला फरक पाहा. हे पैसे घरी बसल्याने मिळत नाहीत. आजारी नाविकाने परतल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आत कंपनीने नेमलेल्या डॉक्टरकडे हजर व्हायचं असतं. अंगात त्राणच नसेल तर त्याच मुदतीत एजन्सीला लेखी कळवायचं. हे चुकलं तर दावा गमावण्याची वेळ येते. पुढे त्या डॉक्टरने १२० दिवसांत अंतिम निदान द्यायचं. आणखी उपचार खरोखर लागत असतील तर २४० दिवसांपर्यंत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ आणि २०१५ च्या निकालांनी हे पक्कं केलं. डॉक्टरने योग्य कारणाशिवाय मुदत चुकवली, तर अपंगत्व कायमचं आणि संपूर्ण मानलं जातं. तुमचा मित्र बोलतोय ते याबद्दल. नाविकाच्या स्वतःच्या डॉक्टरचं मत वेगळं पडलं, तर दोघांनी मिळून तिसरा डॉक्टर निवडायचा आणि त्याचं मत दोघांवर बंधनकारक. बरेच दावे या तिसऱ्या डॉक्टरपाशी अडकतात, कारण त्याची मागणी कुणी वेळेत करत नाही.

तुमचा करार वेगळा आहे. त्यात भरपाईचं कलम शोधा आणि एकच शब्द पाहा : ते फक्त ‘अपघात’ म्हणतं, की ‘अपघात किंवा कामाशी संबंधित आजार’ म्हणतं? सरकलेल्या डिस्कला तुमचा करार काय मानतो, यावर सगळं ठरेल. पुष्कळ सामूहिक करारांत असंही कलम असतं की ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलं, तर पुढे समुद्रावर काम करण्यास कायमचा अनफिट मानून पूर्ण रक्कम द्यायची. तुमच्या करारात ते आहे का, तेही बघा.

तुम्ही ‘कॉन्ट्रॅक्ट पूर्ण’ म्हणून उतरलात, ‘मेडिकल’ म्हणून नाही. त्यामुळे वाट अवघड झाली, बंद झालेली नाही. नोकरीच्या काळात ज्याचं कारण आहे असा आजारही एमएलसीच्या तरतुदीत बसतो. आजच, हे मासिक बाजूला ठेवून, एजंटला ईमेल लिहा : अमुक तारखेला साइन ऑफ झालो, अमुक तारखेपासून असा त्रास आहे, जहाजावर मुरिंगच्या कामात तो सुरू झाला होता, मला तपासणीला पाठवा. बारा दिवस हे महिन्याभरापेक्षा बरे. मग जहाजावर वेदनाशामक गोळ्या मागितल्या होत्या का ते आठवा. मेडिकल रजिस्टरात नोंद नसली, तरी औषधांच्या साठ्याच्या वहीत ‘बोसन, दहा गोळ्या’ असं कुठेतरी सापडतं. मी सेकंड मेट असताना माणसांचं दुखणं लिहायला विसरलो, पण गोळ्यांचा हिशोब कधी चुकवला नाही, कारण त्याची तपासणी व्हायची. तपासणारे एमआरआय पाहून ‘वयामुळे झालेली झीज’ म्हणतील. तुमच्या डॉक्टरने मान्य करावं की झीज असेलही, पण मुरिंगच्या दोरांनी तिला कुठे आणून ठेवलं तेही लिहावं. तुम्ही बोलला नाहीत याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. पुढचं कॉन्ट्रॅक्ट जाईल ही भीती खरी असते, मी ती मेसरूममध्ये रोज पाहिली आहे.

प्रश्न : मी ईटीओ (जहाजावरचा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर) आहे. मला बीपी आहे, एक गोळी रोज घेतो. मेडिकलच्या फॉर्ममध्ये ‘नाही’वर टिक करावी, असं मित्र सांगतात.

उत्तर : करू नका. आजार जाणूनबुजून लपवला असेल तर एमएलसी मालकाला जबाबदारीतून मोकळं करू देते, आणि फिलिपिन्सच्या करारात तर लपवणाऱ्याचा भरपाईवरचा हक्कच जातो. उद्या तुम्हाला झटका आला, तर औषधाच्या दुकानातलं जुनं बिलसुद्धा तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल. एका टिकेसाठी पूर्ण दावा गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ते लिहायला आजही जड जातं.

शिवाय लपवण्याची गरजच नसते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत वरचं बीपी १६० च्या किंवा खालचं १०० च्या पुढे असेल, तर साधारणपणे तपासणी आणि उपचार होईपर्यंत तात्पुरतं अनफिट करतात. औषधाने आटोक्यात असेल आणि गोळीचा त्रास नसेल, तर फिट. सर्टिफिकेट एरवी जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं, तुम्हाला कदाचित कमी मुदतीचं मिळेल. नाकारलंच, तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून तपासून घेण्याचा हक्क आहे. गोळ्या पूर्ण कॉन्ट्रॅक्टपुरत्या न्या, प्रिस्क्रिप्शनची प्रत जवळ ठेवा आणि जहाजावर महिन्यातून एकदा बीपी मोजून रजिस्टरात लिहायला लावा. औषध नेमाने घेत होतात हे दाखवता आलं, तर पुढे त्याचाच आधार मिळेल.

प्रश्न : माझ्या भावाला जहाजावर डिप्रेशन आलं, म्हणून घरी पाठवलं. कंपनी म्हणते, मनाचा आजार ‘मेडिकल’मध्ये येत नाही.

उत्तर : येतो. एमएलसी ‘आजार’ म्हणते, शरीराचा की मनाचा असा भेद करत नाही. उपचार आणि आजारपणातला पगार लेखी मागा. कायमच्या अपंगत्वाची भरपाई इथे जास्त अवघड आहे. भावाचा मानसोपचारतज्ज्ञ नियमित हवा, आणि जहाजावर छळ, दमदाटी किंवा झोप न मिळणं असं काही घडलं असेल तर ते तारखांसह त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायला हवं. पण ही वही भावाच्या मागे लागून लिहून घेऊ नका. तो बोलेल तेव्हा लिहा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सीफेअररहेल्प ही नाविकांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. ती घरच्यांचेही फोन घेते. आधी भाऊ, मग दावा.

प्रश्न : सर, मी डेक कॅडेट आहे, हे माझं पहिलं जहाज. तीन आठवड्यांपासून कानात शिट्टी वाजल्यासारखं होतंय. सेकंड मेट म्हणतात, किरकोळ गोष्टी रजिस्टरात कशाला. मी काय करू?

उत्तर : बाळा, त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांच्यावर कामाचा किती ढीग असतो ते मला माहीत आहे. आज संध्याकाळी कॅप्टनना दोन ओळींचा ईमेल कर, सेकंड मेटना प्रत पाठव : ‘सर, अमुक तारखेपासून उजव्या (किंवा डाव्या) कानात आवाज येतो, कृपया नोंद घ्यावी आणि पुढच्या पोर्टला डॉक्टरकडे पाठवावं.’ नम्र भाषेत, तक्रारीचा सूर नको. जहाज बंदरात असताना शक्य असेल तिथे विनाविलंब डॉक्टरकडे जाण्याचा तुला हक्क आहे. त्याआधीही कॅप्टन रेडिओवरून किंवा उपग्रहाने डॉक्टरचा सल्ला मागवू शकतात. तो सल्ला कुठल्याही देशाच्या झेंड्याच्या जहाजाला फुकट असतो. यातलं काहीच झालं नाही, तर प्रत्येक जहाजावर तक्रारीची ठरलेली पद्धत असते. तिची प्रत तुला करारासोबत मिळालेली असायला हवी, आणि ती वापरल्याबद्दल तुला कुणी त्रास देऊ शकत नाही.

मशीनरीच्या जागेत काम करताना तुला कानाचे मफ दिले होते का, तेही लिहून ठेव. २०१४ पासून लागू असलेल्या ध्वनिविषयक नियमांत नव्या जहाजांच्या इंजिनरूमसाठी ११० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे, आणि तेवढा आवाज उघड्या कानांनी ऐकायचा नसतो.

एक साधी वही घे. रोज नको, त्रास होईल त्या दिवशीच लिही : तारीख, जहाजाची वेळ आणि शेजारी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), कुठलं काम करत होतास, किती तास, कुणाला सांगितलंस, ते काय म्हणाले. पानाचा फोटो काढून घरी पाठव, म्हणजे ते पान त्याच दिवशी लिहिलेलं होतं हे फोटोच्या तारखेवरून कळेल. ईमेल पाठवलास की मला कळव.